उन्हाळ्यांतील कोंबड्यांचें पाणी

थंड मुलखांत कोंबड्या पाळणारास हिवाळ्यांत एक मोठी विवंचना असते. ती म्हणजे खुराड्यांतील पाणी गोठण्याची. आपल्याच देशांत लडाखकडे, जेथें लेह हें गांव समुद्रसपाटीपासून सुमारें साडेतीन हजार मीटर उंचीवर वसलें आहे, तेथें पौष-माघांतील रात्रीं उष्णमान शून्याखालीं दहा-पंधरा अंश सहज उतरतें, आणि सायंकाळीं भरून ठेवलेलें भांडें सकाळीं दगडासारखें होऊन बसतें. अशा मुलखांत रात्रीं भांडें रिकामें करून ठेवावें लागतें, सकाळीं कोमट पाणी घालावें लागतें आणि दिवसांतून दोन-तीन वेळां बर्फ काढून पुन्हां भरावें लागतें. कोंबडी अंधारांत पाणी पीत नाहीं, म्हणून रात्रीं भांडें रिकामें राहिल्यानें तिचें कांहीं बिघडत नाहीं. मात्र उजाडतांच तिला पाणी मिळालें पाहिजे. न मिळालें तर ती दाणाहि टाकते, आणि दाणा टाकला कीं अंडें बंद पडतें.

आपल्याकडे निफाडच्या बाजूस एखाद्या पहाटेस दंव गोठल्याचें वर्तमान येतें खरें, परंतु कोंबड्यांचें पाणी गोठलें अशी तक्रार देशावर, खानदेशांत किंवा वऱ्हाडांत कोणी केलेली ऐकिवांत नाहीं. तथापि त्याच प्रश्नाची दुसरी बाजू आपल्या दारांत चैत्रापासून मृगापर्यंत रोज दुपारीं उभी असते. तेथें पाणी गोठून पिण्याजोगें राहत नाहीं, येथें तें तापून पिण्याजोगें राहत नाहीं. दोन्हीकडे भांडें भरलेलें दिसतें, आणि दोन्हीकडे कोंबडी तहानलेली असते. प्रस्तुत लेखांत या दुसऱ्या बाजूचाच विचार करावयाचा आहे. कारण दर उन्हाळ्यांत आपल्या शेतकरी कुटुंबांच्या ज्या कोंबड्या मरतात, त्यांतील पुष्कळ पाण्याशेजारीं मरतात.

कोंबडीच्या शरीराची घडण ध्यानांत घेतल्यावांचून या गोष्टीचें महत्त्व पटावयाचें नाहीं. तिच्या अंगाचें स्वाभाविक उष्णमान ४१ ते ४२ अंश असतें. माणसाच्या अंगांत तितका ताप चढला तर घरांत धावपळ उडेल. तिच्या कातडींत घाम येण्याची सोय नाहीं, आणि वर पिसांची दुलई पांघरलेली. थंडीच्या दिवसांत अंगांतील जादा उष्णता तुऱ्यावाटे, गळ्याखालील लाल पाळ्यांवाटे व उघड्या पायांवाटे निघून जाते. परंतु हवा ३० अंशांच्या आसपास आली म्हणजे हा मार्ग अपुरा पडूं लागतो, आणि हवा अंगाइतकीच तापली म्हणजे तो बंदच होतो. मग तिला एकच उपाय उरतो, तो म्हणजे धापा टाकणें. एरवीं मिनिटास पंचवीस-तीस श्वास घेणारी कोंबडी उन्हाच्या कहरांत दीडशेंहून अधिक वेळां धापते. चोंच उघडी, पंख अंगापासून दूर धरलेले, मान पुढें काढलेली, असें तिचें रूप आपण सर्वांनीं पाहिलें आहे. या धापेनें घशांतील व फुफ्फुसांतील ओलाव्याची वाफ होते आणि ती वाफ अंगांतील उष्णता घेऊन बाहेर पडते. सारांश, उन्हाळ्यांत कोंबडी पाण्यावर केवळ तहान भागवीत नाहीं, तर पाणी खर्चून प्राण वांचविते. खर्च झालेलें पाणी परत मिळालें नाहीं तर धाप तोकडी पडते, आणि धाप तोकडी पडली कीं घटकाभरांत कारभार आटोपतो.

शरीरांतील पाण्याचा दहावा हिस्सा गेला तर कोंबडी आजारी पडते व पांचवा हिस्सा गेला तर मरते, असें पशुवैद्यकाच्या पुस्तकांतून सांगितलेलें असतें. अंड्याच्या आंतील भागांत तर चार हिश्शांपैकीं तीन हिस्से पाणीच असतें. म्हणून पाण्याचा तुटवडा प्रथम अंड्यांच्या टोपलींत दिसतो. दीड-दोन दिवस पाणी तुटलें तर कोंबडी पिसें टाकावयास लागते, आणि पुन्हां अंड्यावर येण्यास कित्येक आठवडे घेते. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. फार धापल्यानें रक्तांतील कर्बाम्ल वायु प्रमाणाबाहेर निघून जातो, रक्ताचा गुण बदलतो, आणि कवच घडविण्यास लागणारा चुना कोंबडीच्या अंगांत असूनहि नीट कामीं येत नाहीं. वैशाखांत अंडीं पातळ कवचाचीं निघूं लागलीं म्हणजे लोक शिंपल्यांची भुकटी वाढवितात व दाणा विकणारास दोष देतात. शिंपले अवश्य घालावे, पण आधीं छपराखालीं जाऊन कोंबड्या किती धापतात तें पाहावें.

आतां प्रमाण. अंड्यावरची कोंबडी दिवसास ११० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. सुखाच्या हवेंत ती खाद्याच्या सुमारें दुप्पट पाणी पिते. म्हणजे शंभर कोंबड्यांस वीस ते पंचवीस लिटर पुरतें. हवा ३८-४० अंशांवर गेली म्हणजे त्याच शंभर कोंबड्यांस पंचेचाळीस-पन्नास लिटर, कधीं त्याहूनहि अधिक लागतें, आणि खाद्य मात्र कमी होतें. माघांत पुरणाऱ्या भांड्यांवर वैशाख काढूं पाहणें म्हणजे दोन बैलांच्या वैरणींत चार बैल जगविण्यासारखें आहे.

परंतु माझा मुद्दा केवळ प्रमाणाचा नाहीं. पाणी पुरेसें असून तें तापलेलें असेल तर कोंबडी तें पीत नाहीं. पाणी ३० अंशांच्या वर गेलें कीं तिचें पिणें घटूं लागतें, आणि तें तिच्या अंगाहूनहि ऊन झालें तर ती चोंच बुडवून मान झटकते व बाजूस होते. म्हणजे ज्या वेळीं गरज सर्वांत अधिक, नेमकें त्याच वेळीं पाणी सर्वांत वाईट. पत्र्याची थाळी किंवा प्लास्टिकचें लहान भांडें वैशाखाच्या उन्हांत तासभर राहिलें तर त्यांतील पाण्यांत बोट ठेववत नाहीं.

आमच्या तालुक्यांतील एका गांवीं दोन वर्षांपूर्वीं असा प्रकार घडला. घर सुस्थितींतलें, बागाईत आठ एकर, आणि घरांतील वृद्ध आजींनीं हौसेनें साठ कोंबड्या बाळगलेल्या. एका दुपारीं त्यांपैकीं तेवीस कोंबड्या गेल्या. मी कामानिमित्त त्या गांवीं होतों व शेजारधर्म म्हणून पाहावयास गेलों. महसूल खात्यांत जन्म घालविलेल्या माणसास लोक निवृत्तीनंतरहि सोडीत नाहींत. आजी म्हणाल्या, "भाऊसाहेब, पाणी तर भरलेलंच होतं हो. सकाळी मीच भरलं होतं." म्हणणें अक्षरशः खरें होतें. दोन जस्ती घमेलीं निम्म्याहून अधिक भरलेलीं होतीं. सकाळीं तेथें भिंतीची सावली असे. अकरानंतर ती सावली सरकून घमेलीं उघड्यावर पडत. चार वाजतां मी हात घातला तेव्हां तें पाणी आंघोळीस काढल्यासारखें कढत होतें. मेलेल्या कोंबड्या घमेल्यांभोंवतीं नव्हत्या, त्या भिंतीच्या नव्या सावलींत एकमेकींवर पडल्या होत्या. मी म्हटलें, "आजी, पाणी होतं, पण त्यांच्या वेळेला नव्हतं." पंचनाम्यांत "पाण्याची सोय होती काय?" असा प्रश्न विचारला तर तेथें "होती" असेंच उत्तर लिहावें लागेल. तें उत्तर खोटें नव्हे, आणि त्यानें कोंबडी जगतहि नाहीं. आजींच्या हातखर्चाचे पैसे त्या खुराड्यांतून येत. नातवाच्या शाळेच्या वह्या त्यांतूनच होत. आपल्याकडे कोंबड्यांचें उत्पन्न बहुधा घरांतील बायकांच्या हातचें असतें, व जमीनदार म्हणविणारा पुरुष त्याची गणती करीत नाहीं. परंतु मिळून येणारी ती रोकड किती आहे हें एकदां वर्षाअखेर मोजून पाहावें अशी माझी विनंती आहे.

असो. पाणी थंड राखण्याचा पहिला उपाय खर्चाचा नसून जागेचा आहे. भांडें जेथें सकाळीं आठ वाजतां सावलींत असतें तेथें दुपारीं दोन वाजतां ऊन असतें काय, हें स्वतः उन्हांत उभें राहून पाहावें. चैत्रांत पाहिलेली जागा ज्येष्ठांत पुन्हां पाहावी, कारण सूर्य उत्तरेस सरकतो व सावल्या बदलतात. झाडाची सावली सर्वांत उत्तम. निंब, चिंच, आंबा यांच्याखालील हवाहि सौम्य असते. पत्र्याच्या छपराखालील सावली मात्र फसवी. तापलेला पत्रा स्वतःच आंच मारतो, आणि त्याच्याखालीं दोन हातांवर ठेवलेलें पाणी उन्हांत नसूनहि तापतें. पत्र्यावर उसाचें पाचट किंवा जुना कडबा हातभर जाडीचा पसरून दोरांनीं बांधून टाकावा. तें न जमल्यास पांढरा चुना द्यावा. याचा लाभ पाण्यास होतो व कोंबड्यांसहि होतो. पाचट घातल्यास विस्तवाची भीति असते, म्हणून चुलीचा धूर त्या बाजूस नसावा.

दुसरी गोष्ट, पाणी मुळांतच कसें येतें. विहिरीच्या तळाचें पाणी वर्षभर जवळजवळ सारख्याच उष्णमानाचें, आपल्या भागांत सामान्यतः २६ ते २८ अंशांचें असतें. म्हणजे ताजें उपसलेलें पाणी कोंबडीस जसें हवें त्याच्या जवळपासचें असतें. आपण तें वाटेंत बिघडवितों. गच्चीवरील काळ्या प्लास्टिकच्या टाकींत तें दिवसभर शिजतें, जमिनीवर उघड्या पडलेल्या काळ्या नळींत तर त्याहून अधिक शिजतें. दुपारीं तोटी सोडली कीं प्रथम जें पाणी येतें तें हातावर घेऊन पाहावें. यास उपाय सोपे आहेत. नळी दीड-दोन फूट खोल पुरावी. टाकीवर मांडव घालावा, आणि तिला गोणपाट गुंडाळून तें ओलें राखावें. हें कांहींच होत नसेल तर निदान नळींतील पहिलें पाणी झाडाच्या आळ्यांत सोडून मागील थंड पाण्यानें भांडीं भरावीं. आळ्यास पाणी मिळतें, भांड्यास थंडावा मिळतो.

तिसरा उपाय आपल्या कुंभारवाड्यांतला आहे. मातीचें कच्च्या रंगाचें मडकें झिरपतें, झिरपलेलें पाणी बाहेरून वाळतें, आणि वाळतांना आंतील पाण्याची उष्णता घेऊन जातें. एक लिटर पाणी असें वाळून गेलें तर त्यानें घेतलेली उष्णता अठ्ठावन्न लिटर पाणी १० अंशांनीं उतरविण्याइतकी असते. मडक्यास बाहेरील हवाहि तापवीत असते, म्हणून हा सर्व लाभ हातीं येत नाहीं. तरीपण वऱ्हाड-खानदेशांतील कोरड्या हवेंत, सावलींत व वाऱ्याच्या झोतांत ठेवलेल्या मडक्यांतील पाणी बाहेर ४२ अंश असतांना २६-२८ अंशांपर्यंत उतरतें. कोंकणांत मात्र यावर भिस्त ठेवूं नये. तेथील दमट हवेंत मडकें वाळत नाहीं, आणि दोन-चार अंशांपलीकडे थंडावा मिळत नाहीं. कोंकणच्या बंधूंनीं ताजें विहिरीचें पाणी दिवसांतून चार वेळां घालणें हाच राजमार्ग समजावा.

मडक्याचें पाणपात्र करण्याची रीत अशी. सहा-सात लिटरचें सपाट कांठाचें मडकें व त्याच्याहून चारी बाजूंनीं दोन-दोन इंच मोठा, दीड ते दोन इंच खोल असा मातीचा परळ घ्यावा. मडक्याच्या कांठापासून पाऊण इंचावर एक लहान भोंक पाडावें. खिळ्यानें ठोकून पाडूं नये, मडकें तडकतें. मडकें रात्रभर भिजवून टोकदार कानशीनें हळूहळू फिरवीत पाडावें. मडकें भरून त्यावर परळ झांकावा आणि दोन्ही हातांनीं दाबून झटक्यासरशीं उलटें करावें. भोंकांतून पाणी परळांत उतरतें आणि भोंक पाण्याखालीं गेलें कीं आपोआप थांबतें. कोंबड्यांनीं पिऊन पातळी उतरली कीं पुन्हां येतें. येथें एकच नियम आहे: भोंक परळाच्या कांठाहून खालीं असलें पाहिजे. तें वर राहिलें तर सगळें मडकें जमिनीवर ओतून रिकामें होतें, व लोक म्हणतात कीं ही युक्तीच खोटी. या रीतीनें पाण्याचा फार थोडा भाग उघडा राहतो, विष्ठा व कचरा कमी पडतो, आणि उरलेलें पाणी मडक्याच्या पोटांत गार राहतें.

मडकें शोभिवंत दिसावें म्हणून त्यास तेली रंग देणारे लोक मी पाहिले आहेत. रंगानें झिरपणें बंद होतें आणि मडक्याचा सगळा गुणच जातो. जुन्या मडक्याचेंहि असेंच; क्षारयुक्त पाण्यानें त्याचीं छिद्रें बुजतात. बाहेरून ओलसर न दिसणारें मडकें दाणे ठेवण्यास घ्यावें आणि पाण्यासाठीं नवें आणावें. दर तीन-चार दिवसांनीं आंतून नारळाच्या शेंडीनें घासून, राख लावून, धुवून, कडक उन्हांत वाळवावें. आंत बुळबुळीत थर जमला तर पाणी गार असूनहि कोंबड्यांस हगवण लागते. म्हणून गरजेपेक्षां दोन मडकीं अधिक बाळगावीं, म्हणजे पाळीनें वाळवितां येतात.

शंभर कोंबड्यांस उन्हाळ्यांत अशीं पांच पाणपात्रें तरी असावीं, आणि तीं एका ठिकाणीं न मांडतां विखरून ठेवावीं. कोंबड्यांतहि मानपान असतो. बळकट कोंबड्या भांडें अडवून बसतात, आणि लहानखोऱ्या, नुकत्या आणलेल्या किंवा लंगड्या कोंबड्या दूर उभ्या राहतात. दुपारीं प्रथम त्याच मरतात. भांडें विटेवर ठेवून परळाचा कांठ कोंबडीच्या पाठीच्या उंचीस आणावा, म्हणजे पाणी सांडत नाहीं व त्यांत माती उकरली जात नाहीं. सांडलेल्या पाण्यानें तूस भिजतें, त्यास उग्र वास सुटतो, आणि रक्ती हगवणीस आमंत्रण मिळतें. लहान पिलांच्या परळांत गोटे टाकावे. पिलें गारव्यासाठीं पाण्यांत उतरतात व बुडतात. उघड्यावरील भांड्यांत कावळे-चिमण्या चोंच घालूं नयेत अशीहि व्यवस्था पाहावी. एका घरचा रोग दुसऱ्या घरीं नेण्याचें काम ते फुकट करतात.

वेळेसंबंधीं थोडें विस्तारानें लिहिणें भाग आहे. कोंबडी दोन वेळां भरपूर पाणी पिते: एक उजाडल्यावर व दुसरी दिवस मावळण्यापूर्वीं. अंडें घातल्यानंतरहि ती लगेच पाण्यावर येते, व बहुतेक अंडीं दुपारच्या आंत येतात. म्हणून पहिलें भरणें तांबडें फुटतांच व्हावें. रात्रींचें उरलेलें पाणी ओतून, परळ धुवून. दुसरें अकराच्या सुमारास. तिसरें अडीच ते तीनच्या दरम्यान. चौथें पांच वाजतां, म्हणजे कोंबड्या झोपीं जाण्यापूर्वीं त्यांस पोटभर पितां येतें. यांतील तिसरें भरणें हेंच सर्वांत मोलाचें आणि तेंच नेहमीं चुकतें. त्या वेळीं घरांतील सर्व माणसें जेवून आडवीं झालेलीं असतात, गडी झाडाखालीं असतो, आणि बाहेर पाऊल टाकवत नाहीं. हें काम कोणाचें, याचा निर्णय चैत्रांतच घरांत करून ठेवावा. "कोणीतरी भरील" अशा भरंवशावर राहिलेलें भांडें कोणीहि भरीत नाहीं.

तिसऱ्या भरण्याच्या वेळीं खुराड्यांत गडबड करूं नये. कोंबड्या पकडणें, हलविणें, अंडीं शोधण्यासाठीं त्यांस उठविणें, हें सारें पहाटेस किंवा रात्रीं करावें. अंग तापलेलें असतां केलेली दहा पावलांची पळापळहि त्यांस महाग पडते. दाण्यासंबंधींहि हेंच. खाल्लेलें अन्न पचतांना अंगांत उष्णता उत्पन्न होते, व ती खाल्ल्यावर कांहीं तासांनीं भरास येते. म्हणून सकाळीं नऊच्या पुढें दाणा काढून ठेवावा व पांचनंतर पुन्हां घालावा. पाणी मात्र एक क्षणहि काढूं नये. दुपारीं कोंबड्या खात नाहींत म्हणून त्यांस ओल्या भुशाचें आमिष दाखविणारे गृहस्थ दयाळू खरे, पण त्यांनीं तो दयाळूपणा सायंकाळपर्यंत आवरून धरावा.

पाण्यांत घालावयाच्या औषधांचा बाजार अलीकडे फार वाढला आहे. उन्हाच्या लाटेंत क्षारांची पूड उपयोगी पडते, कारण धापेनें व पातळ विष्ठेनें क्षार निघून जातात. परंतु पुडीवर लिहिलेल्या मानापेक्षां चिमूटभरहि अधिक घालूं नये. अधिक मीठ कोंबडीस, विशेषतः पिलांस, विषासारखें बाधतें. क जीवनसत्त्व कोंबडी स्वतःच्या अंगांत तयार करते, पण उन्हाळ्यांत तें पुरत नाहीं. तें सकाळच्या थंड पाण्यांत द्यावें, ऊन पाण्यांत तें नासतें. गुळाचें पाणी देण्याची चाल कांहीं ठिकाणीं आहे. दिलेंच तर तासाभरांत संपेल इतकेंच द्यावें, नाहींतर तें आंबतें व मुंग्या भांडें ताब्यांत घेतात. माझें मत विचाराल तर पुडीवर खर्चावयाच्या पैशांचीं प्रथम मडकीं आणावीं.

रानीखेत रोगाची लस पुष्कळदां पाण्यांतून देतात. कुमाऊँतील रानीखेत या गांवावरून ज्यास नांव पडलें तोच हा मानमोडी रोग. ही लस जिवंत असते. ऊन पाण्यानें ती मरते, आणि नळाच्या पाण्यांतील जंतुनाशक औषधानेंहि मरते. म्हणून उन्हाळ्यांत लस द्यावयाची झाल्यास ती पहाटेस, विहिरीच्या ताज्या गार पाण्यांत, दीड-दोन तासांत संपेल इतक्याच मापानें द्यावी. वैद्यानें सांगितल्याप्रमाणें त्यांत थोडी सायविरहित दुधाची भुकटी मिसळावी. दुपारीं तापल्या भांड्यांत दिलेली लस दिली तरी न दिल्यासारखीच होय. आणि पुढें रोग आला कीं दोष लशीस लागतो.

आतां माझ्या आवडीच्या विषयाकडे वळतों. ज्याची नोंद नाहीं त्याचा हिशेब नाहीं, ही आमच्या दप्तरांतील जुनी शिकवण आहे, आणि ती खुराड्यासहि लागू पडते. एक शाळेची वही घ्यावी आणि रोज तारीख, भरलेलें पाणी, सायंकाळीं उरलेलें पाणी, अंडीं, मेलेल्या कोंबड्या, इतकेंच लिहावें. मडक्यांतून वाळून जाणारें पाणी कसें धरावें असा प्रश्न कोणी विचारील. त्यासाठीं एक तसेंच मडकें कोंबड्यांची चोंच पोंचणार नाहीं अशा जागीं त्याच सावलींत ठेवावें, आणि सायंकाळीं तें किती घटलें तें मोजावें. समजा, शंभर कोंबड्यांसाठीं पांच मडक्यांत मिळून दिवसांत ५८ लिटर पाणी घातलें, ४ लिटर उरलें, व बाजूच्या मडक्यांतून पाऊण लिटर वाळलें. तर पांच मडक्यांचें वाळलेलें पावणेचार लिटर वजा जातां कोंबड्यांनीं सवापन्नास लिटर पाणी घेतलें, म्हणजे दर कोंबडीस सुमारें अर्धा लिटर. वैशाखास हें ठीक.

या वहीचा खरा उपयोग आठ दिवसांनंतर कळतो. हवा तशीच असून एके दिवशीं पाणी एकदम घटलें तर तीन गोष्टी संभवतात: भोंक बुजलें, पाणी तापूं लागलें, किंवा कळपांत रोग शिरला. पहिल्या दोन गोष्टी हात लावून पाहतां येतात. त्या नसतील तर पशुवैद्यास बोलवावें. कारण आजारी कोंबडी दाणा सोडण्याच्या आधींच पाणी कमी करते, आणि वहीनें दिलेली ती एका दिवसाची सवड फार मोलाची असते. उलट उन्हाची वाढ नसतां पाणी एकदम वाढलें तर खाद्यांत मीठ अधिक पडलें काय, किंवा परळ कोठें गळतो काय, तें पाहावें. भांड्याजवळ एक साधा उष्णतामापक टांगला तर उत्तम. नसल्यास दुपारीं दोन वाजतां पाण्यांत कोपर बुडवावें. पाणी कोपरास स्पष्ट गार लागलें तर ठीक. गार न लागतां नुसतें ओलें लागलें, तर तें कोंबडीसाठीं तापलेलें समजून बदलावें.

इतकें करूनहि एखादी कोंबडी मान टाकून पडली तर तिला उचलून गडद सावलींत न्यावें आणि साध्या गार पाण्याच्या बादलींत मानेपर्यंत मिनिटभर बुडवून काढावें. डोकें वर धरावें. बर्फाचें पाणी वापरूं नये. तोंडांत पाणी ओतूं नये, तें श्वासनळींत जातें. चोंचेचें टोंक पाण्यास लावून तिची ती पिऊं द्यावी. सबंध खुराड्यांत कोंबड्या एकदमच धापूं लागल्या तर बाजूंस ओलीं गोणपाटें टांगावीं, परंतु वारा खेळता राहील अशा बेतानें. चारी बाजू गोणपाटांनीं बंद करून आंत पाणी शिंपडलें तर हवा दमट होते, धापेची वाफ निघत नाहीं, आणि मदत करण्याच्या हेतूनें आपण त्यांचा शेवटचा मार्गहि अडवितों.

हीच गोष्ट रोहिणी संपतांना व मृग लागतांना ध्यानांत ठेवावी. आभाळ भरून येतें, वारा पडतो, उन्हाचा चटका कमी वाटतो, आणि आपण पाण्याची पाळी सैल करतों. परंतु त्या चार-आठ दिवसांत हवा तापलेलीहि असते आणि दमटहि असते; मडकें वाळत नाहीं व कोंबडीची धापहि पुरी पडत नाहीं. म्हणून पहिला चांगला पाऊस पडून जमीन निवेपर्यंत दुपारचें भरणें चालूंच ठेवावें, मडक्यांवर न विसंबतां ताजें पाणी घालावें, आणि पाऊस पडल्यावर छपराच्या पागोळीखालीं सांचणारीं डबकीं त्याच दिवशीं बुजवावीं. तें पाणी कोंबड्या आवडीनें पितात, व त्यांत छपरावरची वर्षभराची घाण असते.